निळ्या गेटसमोरचा जमाव

नेपाळला जायचं आईने ठरवलं. तिची जाऊ, म्हणजे माझी काकी, एका यात्रा कंपनीबरोबर पशुपतिनाथ करून आली होती. तेव्हापासून आमच्या बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या जेट्टीवर बोटींची वाट बघत बायका बसल्या की काकी नेपाळच्या गोष्टी काढायची. आईने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका रविवारी ती नेरूळला माझ्या घरी आली, सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मना पन जायाचा हाय. तू चल माझे बरोबर. ती कंपनी नको, ते लोकं झोपू देत नाय."

आई सत्तरीची. आयुष्यभर मासळी विकली, अजून विकते. मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद बघते. गणपतीत रजा घेतली तर साहेब तोंड वाकडं करतो, म्हणून विसर्जनानंतरची तिकिटं काढली. साल २०२५. आमचं नवी मुंबईचं विमानतळ तेव्हा सुरू व्हायचं होतं, त्यामुळे पहाटे मुंबईच्या विमानतळावर गेलो. आईच्या बॅगेत सुका जवळा होता. मी नको म्हटलं होतं. तिने तो तीन पिशव्यांत बांधून नव्या नऊवारीत गुंडाळला होता.

रविवार

विमान काठमांडूवर आलं तेव्हा खाली सगळं हिरवं, आणि हिरव्यात विटांची घरं. उतरल्यावर मी नवऱ्याला पोचल्याचा मेसेज टाकला. तो जाईना. मला वाटलं विमानतळाचं वायफाय खराब. टॅक्सीवाला म्हणाला, "बंद है दीदी. व्हॉट्सॲप, फोटोवाला, व्हिडिओवाला, सब सरकार ने बंद किया." कंपन्यांनी नोंदणी केली नाही म्हणून सरकारने गेल्याच आठवड्यात बरीचशी ॲप्स बंद केली होती. एकदोन तेवढी चालू होती. मी नेहमीचा फोन लावून घरी कळवलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

आम्ही उतरलो होतो ते गीतादीदीचं घर. पशुपतिनाथाच्या देवळापासून चालत जाण्याइतकं जवळ, एका बोळात. निळं लोखंडी गेट, आत तीन मजले, वरच्या दोन मजल्यांवर पाहुण्यांच्या खोल्या. गीतादीदी माझ्याच वयाची. नवरा कतारला सिक्युरिटीत. मुलगी सृजना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आमचं सगळं बोलणं हिंदीतून व्हायचं, इथे मी ते मराठीत लिहिते. आईची हिंदी बेलापूरच्या मार्केटात शिकलेली, पण गीतादीदीला ती माझ्यापेक्षा जास्त कळायची.

त्या दिवशी ग्रहण असल्याने देऊळ दुपारीच बंद झालं होतं. आई हिरमुसली. तिला जरा बरं वाटावं म्हणून गीतादीदीने आम्हाला जुन्या बाजारात नेलं. तिथे मसाले, पितळेची भांडी, झेंडूच्या माळा, आणि एका गल्लीत आई एकदम थांबली. टोपल्यांत सुकी मासळी होती. बोटाएवढे चपटे मासे, नदीचे. त्यांना तिथे सिद्रा म्हणतात. आईने एक उचलला, मोडला, वास घेतला आणि विकणारीला विचारलं, "कितना दिन सुखाया?" ती बाई तिथली नेवारी भाषा बोलत होती, आई कोळी. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. शेवटी आई मला म्हणाली, "मीठ कमी लावतान. पन साफ हाय."

संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने जवळा काढला. गीतादीदीने डाळ-भात आणि आंबवलेल्या पाल्याची भाजी केली होती, तिला गुंद्रुक म्हणतात. आईने कांदा-टोमॅटोवर जवळा परतला. वासाने शेजारचे म्हातारे आजोबा नासपतींची परडी घेऊन आले. गल्लीत सगळे त्यांना हजुरबा म्हणतात, म्हणजे आजोबाच. रिटायर गणिताचे मास्तर. त्यांच्या अंगणातलं नासपतीचं झाड गीतादीदीच्या भिंतीवरून इकडे वाकलं होतं, आणि इकडे पडलेली फळं तुमची, असा त्यांचा नियम होता. २०१५च्या भूकंपाच्या वेळी गीतादीदी आणि लहानगी सृजना त्यांच्याच अंगणात ताडपत्रीखाली राहिल्या होत्या. हजुरबांचा पुतण्या पूर्वी मंत्री होता. तो दुसऱ्या भागात मोठ्या बंगल्यात राहतो आणि इकडे फिरकत नाही, असं गीतादीदीने नंतर सांगितलं.

जेवताना गीतादीदी सारखी फोन उलटा-सुलटा करत होती. रोज त्या वेळी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तो तिकडे जेवायचा, ही इकडे. ॲप बंद झाल्यापासून तो चेहरा दिसला नव्हता. "सरकारला वाटतं आम्ही नाच बघतो फोनवर," ती म्हणाली. "माझा संसार फोनवर चालतो."

सृजनाने मला तिचा फोन दाखवला. चालू राहिलेल्या ॲपवर एकामागून एक व्हिडिओ येत होते. पुढाऱ्यांची मुलं परदेशात, हातात महागड्या पिशव्या, मागे चकचकीत गाड्या. लगेच पुढच्या चित्रात विमानतळावरची रांग, आखाती देशात निघालेले तरुण, आणि शवपेटीतून परत आलेले. "या रांगेत कुठेतरी माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "उद्या आम्ही मोर्चाला जाणार आहोत, संसदेवर. कॉलेजच्या ड्रेसमध्ये, पुस्तकं घेऊन. सगळ्यांनी ड्रेसमध्ये यायचं असं ठरलंय, म्हणजे आम्ही विद्यार्थी आहोत हे पोलिसांना दिसेल."

"कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. सगळ्यांनी."

मला ते नीट कळलं नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून दिवसभर लढाई चालते आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर गुलाबाची फुलं येतात. मी तेवढंच ओळखत होते.

सोमवार

सकाळी दर्शन झालं. आई गर्दीत कोपराने वाट काढत थेट पुढे पोचली. बाहेर बागमतीच्या घाटावर प्रेतं जळत होती, पलीकडच्या पायऱ्यांवर माणसं चहा पीत बसली होती. आई तिथे बराच वेळ बसली. आमच्याकडे स्मशानात बायका जात नाहीत, तिने इतक्या जवळून चिता कधी पाहिली नव्हती.

परत येताना रस्त्यावर कॉलेजची मुलंमुली जथ्याजथ्याने चालली होती. पाठीवर दप्तरं, हातात पुठ्ठ्याचे फलक. कुणी गाणी म्हणत होतं. सहलीला निघाल्यासारखे वाटत होते. सृजना आमच्याआधीच गेली होती, आयुष नावाच्या तिच्या वर्गमित्राबरोबर. जाताना आईने तिला "खाके जाव" म्हटलं होतं आणि तिने उभ्याउभ्या अर्धी पोळी खाल्ली होती.

दुपारी आम्ही गच्चीत कपडे वाळत घालत होतो. संसदेच्या बाजूने आवाज आले. आईने हातातला कपडा तसाच धरला. आईचं माहेर उरणकडचं. चौऱ्याऐंशी साली जमिनींच्या आंदोलनात तिकडे गोळीबार झाला होता तेव्हा ती तिथे होती. "ह्यो फटाक्याचा आवाज नाय," ती म्हणाली.

सृजनाचा फोन बंद लागत होता. टीव्हीवर आधी अश्रुधूर म्हणाले, मग कर्फ्यू, मग मृतांचे आकडे सुरू झाले आणि दर वेळी वाढत गेले. गीतादीदी गेटपर्यंत जायची, परत यायची. मग तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "मी हॉस्पिटलात जाते." आई मला म्हणाली, "तिला एकटी सोडू नको. मी हाय घरी."

आम्ही बोळाबोळातून गेलो. मोठ्या रस्त्यावर पोलीस होते. हॉस्पिटलच्या आवारात रक्त द्यायला आलेल्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. एका भिंतीशी बुटांचा ढीग. पांढरे, काळे, शाळेचे बूट. कुणी म्हणालं आत जा, कुणी म्हणालं दुसऱ्या हॉस्पिटलात बघा. एक नर्स भिंतीवर नावांचा कागद चिकटवत होती, आणि लोक नाव वाचण्याऐवजी मोबाइलवर त्याचा फोटो काढत होते, कारण मागच्यांना दिसत नव्हतं. तो फोटो त्या रांगेत हातोहात फिरला. गीतादीदीने फोन न बघताच माझ्या हातात दिला. मी वाचलं. सृजनाचं नाव नव्हतं.

ती आम्हाला मागच्या जिन्यावर सापडली. पायरीवर बसली होती. शर्टाच्या डाव्या बाजूला रक्त सुकून काळं झालेलं. गीतादीदीने तिचा शर्ट वर करून बघितला, पोट चाचपलं, पाठ चाचपली.

"माझं नाहीये," सृजना म्हणाली.

तिच्या मांडीवर दोन दप्तरं होती, एक तिचं आणि एक आयुषचं. आयुष गेला होता. त्याचे आईवडील गावाहून यायचे होते, तोपर्यंत दप्तर कुणाकडे द्यायचं हे तिला कळत नव्हतं. आम्ही त्याचा मामा येईपर्यंत तिथेच थांबलो. मामाने दप्तर घेतलं, उघडून आत बघितलं आणि परत बंद केलं.

घरी आल्यावर सृजनाने आंघोळ केली. आईने तिच्या डोक्याला तेल लावलं.

मंगळवार

दुसऱ्या दिवशी ॲप्स परत सुरू झाली. सरकारने बंदी उठवली होती. माझ्या फोनवर साचलेले मेसेज धडाधड पडायला लागले. गीतादीदीच्या नवऱ्याचा कॉल आला. तो एवढंच म्हणाला, "सृजनाला दाखव." तिने फोन सृजनासमोर धरला. तो बघत राहिला, ती बघत राहिली.

त्याच कॉलनंतर सृजनाने आयुषचा व्हिडिओ बघितला. कुणीतरी काढलेला, पडतानाचा. तो सगळीकडे फिरत होता. ती तो पुन्हा पुन्हा बघत होती. गीतादीदीने फोन काढून घ्यायचा प्रयत्न केला तर तिने दिला नाही.

दुपारपर्यंत शहरावर धूर दिसायला लागला. आधी एका बाजूला, मग तीन-चार बाजूंना. पंतप्रधानांनी राजीनामा दिला अशी बातमी आली आणि गल्लीत मुलं शिट्ट्या वाजवत पळाली. पण धूर वाढतच गेला. आता नवे मेसेज येत होते. पुढाऱ्यांच्या घरांचे फोटो, खाली पत्ते. त्यातला एक गीतादीदीच्या बहिणीने घाबरून तिला पाठवला. फोटोत हजुरबांचा तो माजी मंत्री पुतण्या हार घालून उभा होता आणि त्याच्या मागे निळं गेट होतं. गीतादीदीचं गेट. गल्लीत फरशा बसवल्या तेव्हा उद्‌घाटनाला तो आला होता, तेव्हाचा फोटो. खाली लिहिलं होतं, हे त्याचं घर.

गीतादीदीने गेटला कुलूप लावलं. काय करायचं हे ठरवायला वेळच मिळाला नाही. पंधरा-वीस मुलं आधी आली, मागून आणखी. बहुतेक सृजनाच्या वयाची, काही मोठी माणसं. काहींच्या हातात बाटल्या. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत होते, आई माझ्यामागे. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी मोबाइल धरून शूटिंग करत होतं.

सृजना कुलूप काढून बाहेर गेली. गीतादीदी तिला ओढत होती, ती हात सोडवून गेली. काल रात्री धुवून वाळत घातलेला कॉलेजचा शर्टच तिने अंगात घातला होता. डाग गेला नव्हता.

"हे त्याचं घर नाही," ती ओरडली. "हे माझ्या आईचं घर आहे. माझा बाप कतारला आहे. वर पाहुणे आहेत, बघा." सगळ्यांनी वर बघितलं. मी काय करावं हे न सुचून हात जोडले. आईने माझ्यापुढे येऊन खाली बघितलं.

एका मुलाने फोन पुढे केला. "मग हे गेट?"

"फोटो इथे काढला. तो इथे राहत नाही."

"मग कुठे राहतो? त्याचं घर कुठलं?"

मागून कुणीतरी आणखी जोरात विचारलं. मग सृजनाने हात वर केला, आणि तो हात नासपतीच्या झाडाच्या दिशेला गेला.

जमाव वळला.

हे सगळं लिहायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. मुलांनी हजुरबांच्या दारावर थापा मारल्या, आत कोणी असेल तर बाहेर या, असं ओरडून सांगितलं. मग काचा फुटल्या आणि आतून धूर निघाला. आई खाली धावली. गीतादीदी आणि ती मागच्या भिंतीकडे गेल्या, मी खुर्ची घेऊन मागोमाग. हजुरबा त्यांच्या बायकोला भिंतीवर चढवायचा प्रयत्न करत होते. आम्ही तिला बगलेत धरून ओढून घेतलं. हजुरबा शेवटी आले. त्यांच्या एका पायात चप्पल होती. हजुरआमाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात देव्हाऱ्यातली घंटा होती. ती का उचलली हे तिला सांगता आलं नाही.

त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. तिथल्या खिडकीतून झाडाच्या फांद्यांना आग लागलेली दिसत होती. गीतादीदीने पडदा ओढला. सृजना आत आली, हजुरबांना बघितलं आणि दारातच थांबली. हजुरबा तिला म्हणाले, "तुला लागलं नाही ना?"

ती वर निघून गेली.

कर्फ्यू

त्या रात्रीपासून सैन्य रस्त्यावर आलं. विमानतळ बंद, दुकानं बंद. डाळ-तांदूळ घरात होते, भाजी नव्हती. आईचा जवळा आणि बाजारातून घेतलेला सिद्रा पुरवून पुरवून खाल्ला. हजुरबा मासे आवडीने खायचे. हजुरआमा भाताचे दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची.

इकडे दिवाळ्याच्या ग्रुपवर आम्ही बेपत्ता झालो होतो. काठमांडूत एक मोठं हॉटेल जळालं ते खरं होतं. आम्ही त्यात होतो हे आमच्या गावातल्या कुणीतरी स्वतःच्या मनाने जोडलं. माझ्या भावाने आईचा आवाज ऐकवा म्हणून मागे लागून फोन केला. आई भांडी घासत होती. ती फोनमध्ये म्हणाली, "मी बेपत्ता नाय. मी इथं टोप घासतंय. काकीला सांग, दर्शन झालाय."

ॲप बंद असताना अफवा कमी होत्या का? नाही, तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, एवढाच फरक. आणि सुरू झाल्यावर एवढं कळायला लागलं की त्यातलं खरं कुठलं हे शोधायचं कामच होऊन बसलं. लोक मला आता विचारतात, मोबाइलमुळे सरकार पडलं का? मी एका घरात होते, त्या घरापुरतं सांगू शकते. एका बाईचा रोजचा कॉल बंद झाला, तिच्या मुलीने रांगेतल्या माणसांचे व्हिडिओ बघितले, तिचा मित्र मेला आणि त्याचं मरणही तिने फोनवरच पुन्हा पुन्हा बघितलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

सरकार तर पडलं होतं, मग आता कोण? सृजना सांगायला लागली की गेम खेळणाऱ्या मुलांचं एक चॅट ॲप आहे, तिथे हजारो मुलं जमून नवा पंतप्रधान कोण असावा यावर बोलताहेत आणि मतं देताहेत. तिने फोन टेबलावर ठेवला. आवाजावर आवाज. एक बोलतोय, दुसरा म्हणतोय तुझा माइक बंद कर, तिसरा राज्यघटना वाचून दाखवतोय. आम्ही सगळे भोवती बसून ऐकत होतो. हजुरबा चष्मा पुसत पुढे सरकले.

"यात मत कोण देऊ शकतं?" त्यांनी विचारलं.

"कुणीही."

"मी?"

"तुम्ही पण."

"आणि या?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"या पण. कुणी तपासत नाही."

हजुरबा खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे मोजणी बरोबर येईल, पण कशाची मोजणी ते कळणार नाही," ते म्हणाले. तरी त्यांनी मत दिलं. सृजनाने त्यांचं बोट धरून कुठे दाबायचं ते दाखवलं. तिचा चेहरा मला बघवेना. आईने मला मराठीत विचारलं, "ह्या पोरीने सांगितलान का त्याला?" मी म्हटलं, नाही.

शुक्रवारी नव्या पंतप्रधानांचा शपथविधी टीव्हीवर दाखवला. मुलांनी ॲपवर जे नाव निवडलं होतं, तेच. गल्लीत टाळ्या वाजल्या. गीतादीदीने साखर घालून चहा केला. सगळे हातात कप घेऊन बसले होते, आणि सृजना उठून टीव्ही बंद करून आली.

"हजुरबा, त्यांना तुमचं घर मी दाखवलं."

गीतादीदीने तिचं नाव घेतलं, हळूच. हजुरबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"त्यांनी विचारलं, की तू आपणहून सांगितलंस?"

"विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. हात केला."

"माहीत नाही म्हणता आलं असतं."

"हो," सृजना म्हणाली.

हजुरबा कपाकडे बघत बसले. हजुरआमाला हिंदी फार येत नव्हती, पण हे सगळं नेपाळीतच चाललं होतं. हे आणि त्या दिवशीचं गेटवरचं बोलणं मला गीतादीदीने नंतर शब्दाशब्दाने सांगितलं. हजुरआमा उठली. तिने देव्हाऱ्यातली घंटा पदरात घेतली आणि गेटजवळ जाऊन उभी राहिली. कर्फ्यू शिथिल होता त्या वेळात तिचा भाचा येऊन तिला घेऊन गेला. गीतादीदीने तिच्या पायांना हात लावला तर तिने पाय मागे घेतले.

हजुरबा गेले नाहीत. ते म्हणाले, उद्या विटा बघायच्या आहेत, कुठल्या चालतील. मग त्यांनी सृजनाला विचारलं, "तुझ्या त्या मित्राला कुठे जाळलं?" तिने सांगितलं, अजून नाही. त्याचे आईवडील देह घ्यायला तयार नाहीत, आधी सरकारने शहीद म्हणावं असं त्यांचं म्हणणं आहे. हजुरबा म्हणाले, "नेतील तेव्हा मला सांग. मी येईन."

शनिवारी आम्ही निघालो. टॅक्सी गेटशी आली तेव्हा हजुरबा आणि सृजना जळक्या घराच्या अंगणात होते. ते वीट उचलून तिच्या हातात देत होते, सृजना ती भिंतीला लावून रचत होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. आईने लांबूनच हात केला. आम्ही त्यांना कामातून थांबवलं नाही.

दिवाळे

घरी आल्यावर पहिले काही दिवस लोक येत राहिले. आईने काकीला प्रसाद दिला आणि सिद्राचा एक मासा दाखवायला दिला. ऑफिसात साहेबाने पहिल्याच दिवशी अडकलेले कंटेनर माझ्या टेबलावर टाकले, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

पंधरवड्याने, मी रविवारी आईकडे होते. आई जेट्टीवर मांदेली निवडत होती, शेजारी चार-पाच बायका. त्यातल्या एकीच्या सुनेने फोन पुढे केला. "आत्या, ह्यो बग. तुमचे नेपालचा हाय."

व्हिडिओ समोरच्या गच्चीवरून काढलेला होता. निळं गेट, बाहेर जमाव, त्यापुढे डागाळलेल्या शर्टातली एक बारीकशी मुलगी. आवाज काढून टाकला होता, वर संगीत घातलं होतं. मुलगी बोलते. जमाव पुढे येतो. मग ती हात वर करते आणि सगळा जमाव वळतो. तिथेच व्हिडिओ संपतो. खाली हिंदीत लिहिलं होतं, एकट्या मुलीने हजारोंचा जमाव परतवला. लाखो लोकांनी तो बघितला होता.

मी सृजनाला फोन लावला. तिने तो बघितला होता. "मी खाली खरं काय ते लिहिलं," ती म्हणाली. "दोन भाषांत लिहिलं. त्यावर लोकांनी हृदयं टाकली. म्हणाले, किती नम्र आहे. एकाने शिव्या दिल्या, म्हणाला तू ती मुलगी नाहीसच." हजुरबांनी व्हिडिओ बघितला का, असं मी विचारलं. "मीच दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, झाड चांगलं दिसतंय यात."

मी फोन ठेवून परत जेट्टीवर आले. बायका अजून तो व्हिडिओ बघत होत्या. काकीने तर फोन हातात घेतला होता. "केवढी हिंमत," ती म्हणत होती. "एक पोर न काय ती."

आईने मांदेलीचं टोपलं बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले.

"हिंमत होती," ती म्हणाली. "पन फुडचा कापलाय. बसा, मी सांगतंय."